पोलरायझर कन्व्हर्टरच्या पुढे की मागे? एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार,

कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यावरील वाइड कन्व्हर्टर (लेन्सपुढे बसवून दृश्याचा कोन रुंद करणारी जोडलेन्स) आणि फिल्टर, विशेषतः पोलरायझर (चकाकी कापणारा व आकाश गडद करणारा फिरता फिल्टर), यांविषयीच्या माझ्या लेखाची आपण चांगलीच झाडाझडती घेतली, त्याबद्दल आभार. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत. फिल्टर कन्व्हर्टरच्या पुढे धरण्याचा माझा सल्ला खर्चिक आहे. ५८ मिलिमीटरचा फिल्टर अडॅप्टर ट्यूबवर (कॅमेऱ्याच्या लेन्सभोवती बसणाऱ्या आट्यांच्या नळीवर) लावून त्यापुढे कन्व्हर्टर बसवला तरी चित्राचे कोपरे काळे होत नाहीत. शिवाय तसे केल्यास पोलरायझरच्या वाट्याला कॅमेऱ्याचा मूळचा अरुंद कोनच येतो, म्हणून आकाशात काळा पट्टा उमटत नाही. आणि सर्क्युलरऐवजी साधा लिनिअर पोलरायझर सुचवून मी वाचकांची दिशाभूल केली आहे.

कोपऱ्यांच्या बाबतीत मला माघार घ्यायला हवी. मधे लावलेल्या फिल्टरमुळे कोपरे ‘नेहमीच’ काळे होतात, असे मी लिहिले होते आणि तो ‘नेहमीच’ माझ्या एकाच जाड पोलरायझरवरून आलेला होता. आपण आणि मी दोघेही कॅननचा जी-९ वापरतो, म्हणून त्याचाच हिशेब मांडतो. त्याचा सर्वांत रुंद कोन फिल्म कॅमेऱ्यावरील ३५ मिलिमीटरच्या लेन्सच्या तोडीचा, म्हणजे कर्णावर सुमारे ६३ अंशांचा आहे. फिल्टरच्या कड्याने कन्व्हर्टर ५ मिलिमीटर पुढे ढकलला, तर कोपऱ्यातून येणाऱ्या किरणांना वाट मिळण्यासाठी काचेची त्रिज्या सुमारे ३ मिलिमीटर जास्त लागते. तेवढी सवड काही कन्व्हर्टरांत असते, काहींत नसते. पातळ कड्याचा फिल्टर घेतला किंवा झूम किंचित पुढे सरकवला की बहुतेक वेळा निभावून जाते. उलट ०.७५ पट कन्व्हर्टरच्या पुढे तेच कडे लावले, तर तेथे कोन सुमारे ७९ अंशांचा असल्याने ४ मिलिमीटरहून अधिक त्रिज्या लागते, म्हणजे फिल्टर आणखी मोठा हवा, आणि पुष्कळ कन्व्हर्टरांच्या तोंडाला मुळात आटेच नसतात. तेव्हा खर्चाचा आपला मुद्दाही मान्य.

तरीही मी मधल्या जागेला बिचकतो, त्यामागे दोन अनुभव आहेत. पहिला मूळ लेखात सांगण्याची लाज वाटली होती. कन्व्हर्टरची मागची काच काही वेळा कडेच्या पातळीपेक्षा किंचित फुगीर असते. माझा कन्व्हर्टर फिल्टरवर आवळताना शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात ‘टिक्’ असा बारीक आवाज आला, आणि उघडून पाहिले तर फिल्टरच्या मधोमध नखाएवढा चंद्रकोरी ओरखडा उमटलेला होता. दुसरा अनुभव पोलरायझर फिरवण्याचा. तो मधे असताना त्याचे फिरते कडे आणि कन्व्हर्टर एकजीव झालेले असतात, त्यामुळे फिरवायचा तो अख्खा कन्व्हर्टरच. नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर एकदा मी तो चुकीच्या बाजूला फिरवला आणि आटे सुटून कन्व्हर्टर गवतात पडला. दोन हात पुढे पाणी होते. तेव्हापासून मी तो फक्त आवळण्याच्या दिशेनेच फिरवतो, म्हणजे कॅमेऱ्यामागून पाहताना घड्याळाच्या काट्यांच्या उलट.

आता आकाशाचा मुद्दा. येथे मात्र मी आपल्याशी सहमत होऊ शकत नाही. आकाशातील पट्टा काचेत तयार होत नसून तो आकाशातच असतो. सूर्यप्रकाश हवेच्या रेणूंवर विखुरताना ध्रुवित होतो, म्हणजे त्याची कंपने मुख्यतः एकाच दिशेत होऊ लागतात, आणि सूर्यापासून ९० अंशांवर ते ध्रुवण सर्वांत जास्त असते. तर्जनी सूर्याकडे रोखून अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट गोल फिरवा. अंगठा ज्या रेषेत फिरेल, ती त्या पट्ट्याची रेषा. दिवाळीच्या सुमारास सकाळी दीक्षाभूमीच्या स्तूपाच्या दक्षिणेला उभे राहून उत्तरेकडे कॅमेरा रोखला, तर हा पट्टा साधारण घुमटाच्या मागून वर चढतो. कन्व्हर्टर लावलेल्या चौकटीच्या डाव्या-उजव्या कडा मध्यापासून सुमारे ३३ अंश दूर असतात आणि तेथे ध्रुवण, सिद्धांताप्रमाणे, मध्याच्या जवळजवळ निम्म्यावर आलेले असते. कन्व्हर्टर त्या कडेच्या किरणांना आत वळवून मागच्या फिल्टरकडे कमी कोनात सोडतो, हे खरे. परंतु किरणांची दिशा वळली म्हणून आकाशाच्या त्या भागातून येतानाच कमी असलेले ध्रुवण काही वाढत नाही. फिल्टर पुढे असो वा मागे, घुमटाच्या मागचे आकाश गडद निळे आणि कडांचे फिके येणारच. कन्व्हर्टर काढून ३५ मिलिमीटरवर तेच छायाचित्र घेतले, तर कडेला ध्रुवण सुमारे दोन-तृतीयांश उरते, म्हणून पट्टा कमी खुपतो. आपल्या नमुना छायाचित्रात तो दिसला नाही याचे कारण मला तरी फिल्टरच्या जागेत न दिसता उन्हाळ्यातील धुरकट आकाशात दिसते, कारण धुळीने ध्रुवण मुळातच फिके पडते.

नागपूरपुरती एक गंमत सांगतो. आपण २१ अंश अक्षांशावर असल्यामुळे २६ मेच्या सुमारास सव्वाबाराला सूर्य अगदी डोक्यावर असतो आणि तो ९० अंशांचा पट्टा क्षितिजावर चहूबाजूंनी आडवा पसरतो. तेव्हा डावे-उजवे आकाश एकसारखे गडद व्हायला हवे. पण नवतप्याच्या (मेअखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांच्या) उन्हात, धुळकट आकाशाखाली, त्याची खात्री करून घ्यायला कॅमेरा घेऊन कोण बाहेर पडणार!

लिनिअर पोलरायझरबद्दल थोडक्यात. सर्क्युलरचा (ध्रुवित प्रकाशाची कंपने मागच्या थराने गोल फिरती करून सोडणाऱ्या पोलरायझरचा) आग्रह एसएलआरसाठी (आरशातून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यासाठी) योग्य आहे, कारण लिनिअर लावल्यास त्याच्या अर्धपारदर्शक आरशामुळे फोकस आणि प्रकाशमापन दोन्ही फसू शकतात. कॉम्पॅक्टमध्ये ही दोन्ही कामे सेन्सरच करतो आणि वाटेत आरसा नसतो. (सर्क्युलर हे नाव काचेच्या गोल आकारावरून पडले, असा समज मीही काही वर्षे बाळगून होतो.) पुढे एसएलआर घेण्याचा विचार असेल, तर सर्क्युलरच घ्यावा.

आपण विकत घेतलेल्या ५८ मिलिमीटरच्या पोलरायझरचे काय करावे, असे आपण शेवटी विचारले आहे. कन्व्हर्टर न लावता तो ट्यूबवर मनसोक्त वापरा. कन्व्हर्टरसह वापरायचा असेल, तर आकाश कमी ठेवून अंबाझरी तलावाच्या पाण्यावरची चकाकी कापण्यासाठी वापरा आणि दोन्ही काचा आधी ब्लोअरने साफ करा. जी-९ची लेन्स सर्वांत रुंद कोनात प्रत्यक्षात ७.४ मिलिमीटर नाभीय अंतराची असते; तिचे छिद्र एफ/८ वर १ मिलिमीटरहूनही लहान होते, त्यामुळे काचेवरचा धुळीचा ठळक कणसुद्धा चित्रात करडा डाग होऊन उतरतो. आणि पहिल्यांदा आवळण्यापूर्वी कन्व्हर्टर पालथा ठेवून त्याच्या मागच्या कडेवर पोस्टकार्डाची सरळ बाजू आडवी टेकवा. कार्ड दोन्ही कडांवर न टेकता मधल्या काचेवर डुलू लागले, तर तो फिल्टर तेथे लावू नका.