बोलोन्यामुळे डिग्री सगळीकडे चालते? नाही!
"युरोपातल्या एका देशात डिग्री घेतली की बाकीच्या देशांत आपोआप चालते, बोलोन्या करार आहे ना" असा फॉरवर्ड फिरतोय, तसं अजिबात नाहीये. १९९९ चं बोलोन्या हे २९ देशांच्या शिक्षणमंत्र्यांचं घोषणापत्र, त्यातून बॅचलर-मास्टर्सचे टप्पे आणि क्रेडिट जुळले, ६० ईसीटीएस (युरोपातलं अभ्यासाचं क्रेडिट मोजायचं एकक) म्हणजे फुल-टाइम शिक्षणाचं एक वर्ष, पण डिग्री मानायची की नाही हे बहुतेक ठिकाणी तो देश नाहीतर युनिव्हर्सिटीच ठरवते. आणि कामाचं लायसन्स तर वेगळाच विषय! युरोपियन युनियनच्या नियमात शिक्षणावरून आपोआप मान्यता मिळते ती डॉक्टर, नर्स, डेंटिस्ट, व्हेट, मिडवाइफ, फार्मासिस्ट, आर्किटेक्ट एवढ्यांनाच, तीही मुळात तिथल्या नागरिकांसाठी. त्यामुळे पोरांनो, लोन काढायच्या आधी जिथे काम करायचंय त्या देशाच्या एनिक-नारिक केंद्राला (परदेशी डिग्रीच्या मान्यतेची माहिती देणारं अधिकृत केंद्र) मेल टाकून विचारा, एजंटच्या शब्दावर जाऊ नका.