बिनवातीने आणलेला वात

ज्या मेणबत्तीत वात नसते ती माणसाला वात आणते, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

तोवर मेणबत्ती पेटवणं हे मला बऱ्यापैकी जमणाऱ्या मोजक्या कामांपैकी एक होतं. वीज गेली की चाचपडत खण उघडायचा, मेणबत्तीचं बुड काडीवर जरा वितळवायचं, बशीत दोन थेंब पाडायचे, त्यांवर तिला उभी धरायची आणि मनात दहा आकडे मोजायचे. दहाला हात काढला तर उभी राहते, सातला काढला तर कलते. संपलं शास्त्र. यापलीकडे मेणबत्तीत काही सुधारणा व्हायला हवी असं मला कधी वाटलं नाही. साडूंना वाटलं.

साडूंकडून आलेल्या भेटवस्तूचं एक असतं. ती आवडो न आवडो, ते येतील तेव्हा ती दिसावी लागते. आणि ही तर नुसती दिसून भागणारी नव्हती, जळावी लागणार होती. खोक्यातून निघाली वीतभर लांबीची, अंगठ्याएवढी जाड पितळी नळी. बुडाला आट्यांचं झाकण, त्यावर बसवायची लांबलचक स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर ठेवायची बटणाएवढी चकती. खडूसारख्या पांढऱ्याशुभ्र बारा कांड्या. शिवाय नळीच्या तोंडावर बसणाऱ्या चार टोप्या: एकीवर लाल ठिपका, एकीवर हिरवा, मग निळा, मग जांभळा. मी एक कांडी उचलली, उलटसुलट केली, दोन्ही टोकांनी पाहिली, नखाने टोकरली आणि जाहीर केलं, "माल खराब आहे. यात वात घालायलाच विसरलेत."

"बाबा, खोक्यावर लिहिलंय, बिनवातीच्या म्हणून," कन्या म्हणाली. ती रसायनशास्त्र शिकते. घरात रसायनशास्त्र शिकणारं कुणी असलं की आपण काही बोलायची सोय राहत नाही.

"मग पेटवायचं काय?"

"आधी मला सांग, साध्या मेणबत्तीत जळतं काय?"

"वात," मी ठणकावून सांगितलं.

तिने खणातली साधी मेणबत्ती आणून पेटवली, फुंकरीने विझवली आणि वर चढणाऱ्या धुराच्या रेघेत, वातीपासून चांगलं दोन बोटं उंच, पेटती काडी धरली. ज्योत धुरावरून सरसर खाली उतरली आणि वातीवर जाऊन बसली. जळते ती मेणाची वाफ. वात फक्त वितळलेलं मेण वर शोषून घेते, त्याची वाफ होईल इतक्या उंचीला नेऊन पोचवते आणि ते करता करता टोकाला स्वतःही थोडी जळते. मायकेल फॅरडेने १८६०-६१ च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली, त्यात हाही खेळ होता. मुलांना तेव्हा कळलं, मला आत्ता.

"म्हणजे ही कांडी वात नसताना जळणार?"

"वात आहे ना. टोपीत आहे." तिने टोपीच्या आतलं बारीक, पांढुरकं कडं दाखवलं. काचेच्या तंतूंचं विणलेलं. ते जळत नाही, म्हणून ते कायमचं. कांडी त्याला खालून टेकून राहायची, वितळायची आणि त्या कड्यातून वर चढायची. म्हणजे वात नाहीशी झाली नव्हती, तिची फक्त मेणबत्तीतून टोपीत बदली झाली होती. मी ते कडं अंगठ्याने दोनदा चोळून नीट पुसलं. धूळ असावी. ही नोंद लक्षात ठेवा, ती पुढे माझ्या अंगाशी येणार आहे.

आता स्प्रिंग. साधी मेणबत्ती जळते तशी तिची ज्योत खाली उतरते. इथे ज्योत जागेवर आणि मेणबत्ती वर सरकते. कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात घोडागाडीच्या दिव्यांमध्ये अशीच स्प्रिंग असायची, कारण चकचकीत परावर्तकासमोरून ज्योत खाली घसरली तर दिव्याचा काही उपयोग नाही. त्या गाडीवानांबद्दल मला आता नितांत आदर आहे. हलत्या गाडीत, थंडीवाऱ्यात ते जे करत होते ते मला पंख्याखाली, बैठकीच्या खोलीत जमलं नाही.

करायचं एवढंच होतं: नळी उलटी धरायची, कांडी सोडायची, चकती ठेवायची, स्प्रिंग घालायची, ती तळहाताने दाबत दाबत झाकण आट्यांवर बसवायचं आणि फिरवायचं. वाचायला सोपं आहे. स्प्रिंग नळीच्या दीडपट लांब होती आणि तिला आत जायची बिलकुल इच्छा नव्हती. एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने पोट काढायची. चौथ्या खेपेला झाकण आट्यांवर बसलं, पण तिरकं. तिरके बसलेले आटे पहिला अर्धा फेरा अगदी बरोबर बसल्यासारखेच फिरतात, हा त्यांचा कावेबाजपणा. मी सुस्कारा टाकून हाताची पकड सैल केली.

टप्प!

झाकण माझ्या हनुवटीवर आलं. चकती कुठे गेली ते पुढे दोन दिवस कळलं नाही. स्प्रिंग टुणटुणत कपाटाखाली गेली. आणि वरच्या तोंडाला मी टोपी बसवली नव्हती हे मला, कांडी समोर पुस्तक वाचत बसलेल्या बायकोच्या चष्म्यावर आपटल्यावर, आठवलं.

तिने पुस्तक मिटलं. "अहो," ती शांतपणे म्हणाली, "भाऊजींना म्हणावं, पुढच्या वेळी सरळ धनुष्यबाण आणा."

चकतीची जागा शर्टाच्या बटणाने घेतली आणि दुसऱ्या दिवशी नळी एकदाची भरली. मग पेटवण्याचा कार्यक्रम. साध्या मेणबत्तीचं मेण पन्नास-साठ अंशांना पाघळतं आणि तिची वात तर आधीच मेणात भिजलेली असते, त्यामुळे काडी लागायचा अवकाश. ह्या कांड्या मेणाच्या नव्हेतच. त्या सायट्रिक आम्लापासून केलेल्या एका स्फटिकी पदार्थाच्या, आणि तो वितळायला ७५ अंशांच्या पुढे जावं लागतं. त्यात पितळ हे उष्णतेचं मोठं दाता. काडीने दिलेली सगळी ऊब ते नळीभर वाटून टाकतं, टोकाला काही शिल्लक ठेवत नाही. पहिल्या सहा काड्या नळी कोमट करण्यात गेल्या. सातवीने माझं बोट भाजलं. आठवीला टोपीच्या भोकातलं ते पांढरं टोक घाम फुटल्यासारखं ओलावलं, मग काचेसारखं आरपार झालं, कडं भिजलं आणि त्यावर गहू जेवढा असतो तेवढी ज्योत उभी राहिली.

पिवळी.

टोपीवरचा ठिपका हिरवा होता. ज्योत पिवळी होती. साध्या मेणबत्तीहून किंचित जास्तच पिवळी.

"पेटली की!" बायको म्हणाली. त्या सुरात कौतुक आहे की काय हे मी तपासलं नाही.

"पुसलंस ना तू हे कडं? अंगठ्याने?" कन्येने विचारलं.

त्याचं असं आहे, ज्योतीला रंग देतात ते मुख्यतः धातूंचे क्षार. लिथियम आणि स्ट्रॉन्शियम लाल देतात, तांबं किंवा बोरॉन हिरवा, पोटॅशियम जांभळट. निळा काढायला सगळ्यांत कठीण, हे दारूकाम करणारेही सांगतील. आणि सोडियम पिवळा देतं, पण नुसता देत नाही, बाकी सगळ्यांना झाकून टाकतं. सोडियम कुठे असतं? मिठात. मीठ कुठे असतं? घामात. घाम कुठे असतो? स्प्रिंगशी झटापट केलेल्या माणसाच्या अंगठ्यावर. किती मीठ पुरतं, असं विचाराल तर १८६० च्या सुमारास बुन्सेन आणि किर्खहोफ या जोडीने ते पाहिलेलं आहे. त्यांनी खोलीच्या एका कोपऱ्यात चिमूटभरही नसलेलं सोडियमचं संयुग जाळलं आणि लांबच्या कोपऱ्यातल्या ज्योतीचा उजेड लोलकातून पाहिला तर त्यात पिवळी रेघ उमटली. हिशेब निघाला तो असा, की एका मिलिग्रॅमच्या तीस लाखाव्या भागाहून कमी सोडियमही ज्योत लपवत नाही. त्या दोघांनी याच पद्धतीने सीझियम आणि रुबिडियम ही दोन नवी मूलद्रव्यं शोधली. मी माझ्या अंगठ्यावर जुनं एक शोधलं.

"मग टोपी धुऊन टाकू," मी सुचवलं.

"धू. म्हणजे रंगाचा क्षारही जाईल."

तेव्हा ती टोपी तशीच जळू द्यायची ठरलं. मीठ संपेपर्यंत. तासाभराने पिवळ्याच्या कडेला हिरवी झाक दिसू लागली, असं मला वाटलं. बायकोला नाही वाटलं. मधल्या वेळात आमच्याकडे नवी शिस्त आली: मेणबत्तीला हात लावण्याआधी साबणाने हात धुवायचे, कांडी चिमट्याने उचलायची, टोपी फक्त कडेने धरायची, जवळ उभं राहून बोलायचं नाही. "मेणबत्ती आहे की ऑपरेशन?" असं बायकोने दारातूनच विचारलं. आत यायला तिला बंदी होती, चष्म्याच्या प्रकरणानंतर ती तिनेच घालून घेतली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हिरवी ज्योत लागली. निदान कन्या तसं म्हणाली. मला काहीच दिसत नव्हतं.

"ट्यूब बंद कर, बाबा."

ट्यूब बंद केली, आणि खरं सांगतो, तीन दिवसांचा सगळा राग उतरला. ओल्या पोपटी पानाच्या मागे ऊन असावं तसा रंग. बुडाशी जरा निळसर, टोकाला जवळजवळ नाहीसा. हलत नव्हती, फुरफुरत नव्हती, धूर नाही, काजळी नाही. मी पाच मिनिटं नुसता बघत बसलो. मग उठलो आणि स्टुलावर आपटलो.

कारण त्या ज्योतीला उजेड नाही. रंग आहे, उजेड नाही. आपण ज्या काजळीला नावं ठेवतो तिचेच कण साध्या ज्योतीत तापून लखलखतात, आणि मेणबत्तीचा तो सोनेरी उजेड त्यांचाच असतो. ती झगमग चालू राहिली तर रंग दिसायचा नाही, म्हणून ह्या कांड्यांसाठी मुद्दाम काजळी न धरणारं जळण शोधलेलं. थोडक्यात, अंधार घालवायला जी वस्तू शोधली गेली तिची ही सुधारित आवृत्ती पाहायला आधी घरात अंधार करावा लागतो. काडेपेटी कुठे पडली ते मी त्या पेटत्या मेणबत्तीशेजारी मोबाइलच्या टॉर्चने शोधलं.

राहिला स्प्रिंगचा शेवटचा गुण. रॉबर्ट हूक या गृहस्थांनी स्प्रिंगचा नियम १६७६ मध्ये अक्षरांची उलटापालट करून कोड्यात छापला आणि १६७८ मध्ये उकलून सांगितला: जेवढी ताणाल तेवढा जोर. दाबण्यालाही तेच लागू. म्हणजे नळी गच्च भरलेली असताना स्प्रिंग जीव खाऊन रेटते, पातळ झालेला पदार्थ कड्याबाहेर उतू जातो आणि नळीवरून ओघळून मेजावर पांढरा थिजतो. कांडी संपत आली की हीच स्प्रिंग सेवानिवृत्तीच्या आदल्या आठवड्यातल्या माणसासारखी वागते. शेवटचं बोटभर ती ढकलतच नाही. ज्योत आक्रसते, निळी होते, विझते. त्यावर आम्ही बटणाखाली पेन्सिलीचा एक तुकडा घातला, म्हणजे शेवटापर्यंत स्प्रिंग थोडी दबलेली राहील. हूक साहेबांनी कोडं उकलून सांगायला दोन वर्षं घेतली, आम्ही अडीच तासांत सोडवलं. अर्थात नळी गरम असताना ती उघडू नये हा नियम आम्हाला त्याच अडीच तासांत स्वतंत्रपणे सापडला.

आणि मग साडूंचा फोन आला, येतोय म्हणून.

अकरा कांड्या संपल्या होत्या. बारावी मी चिमट्याने भरली, आटे सरळ बसलेत ना हे आधी उलटं फिरवून पाहिलं (उलटं फिरवताना बारीक 'टक्' लागलं की मग सुलटं फिरवायचं, तिरके बसत नाहीत, हे मी फुकट सांगतोय), हात दोनदा धुतले, पंखा बंद केला. मंडळी स्थानापन्न झाली. काड्या आठच लागल्या. ट्यूब बंद करायची खूण मी कन्येला केली.

हिरवी ज्योत नळीच्या तोंडावर सरळ उभी होती. कुणी बोलेना. एवढ्या मेहनतीनंतर साडूंच्या तोंडून काय निघतं याकडे माझे कान होते.

"सुरेख आहे हो!" ते पुढे वाकून म्हणाले. "आम्हालाही कुणीतरी हे असंच दिलं होतं. ही स्प्रिंग, ह्या टोप्या, सगळं असंच. दोनदा खटपट केली, पेटेचना. शेवटी कंटाळून ते आम्ही..."

इथे ते थांबले. मेहुणीने घसा खाकरला. बायकोने माझ्याकडे पाहिलं असावं. हिरव्या उजेडात तांबडं काही काळंच दिसतं, त्यामुळे साडूंचा चेहरा लाल झाला की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.