नक्षत्रांचं देणं आणि आईचा एक प्रश्न

आरती प्रभूंचं 'गेले द्यायचे राहून' हे प्रेमभंगाचं गाणं आहे, असं परवा कुणीतरी ठासून लिहिलेलं वाचलं. मला पटलं नाही. भंग कुठे झालाय यात? तिने सोडलं, फसवलं, असा एक शब्द तरी आहे का? इथे रडणारा माणूस स्वतःच चुकार देणेकरी आहे.

आमचं वेंगुर्ल्याकडे किराणा दुकान होतं. बाबांच्या वहीत येणं वेगळं, देणं वेगळं. 'देणं' म्हणजे भेट असते हे मला फार उशिरा, कवितेतच कळलं; आमच्या घरी देणं म्हणजे फेडायची बाकी. "गिऱ्हाइक इसारता, वही इसरणा नाय," असं बाबा म्हणत. त्यामुळे 'तुझे नक्षत्रांचे देणे' ऐकताना मला आकाशाआधी ती वही दिसते. आरती प्रभूही इथलेच, बागलांची राई या गावचे. खरं नाव चिं. त्र्यं. खानोलकर, कुडाळात खाणावळ चालवलेला माणूस. बाकी म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. 'नक्षत्रांचे देणे' हा कवितासंग्रह १९७५ साली आला आणि १९७६च्या एप्रिलमध्ये ते गेले, अवघ्या ४६व्या वर्षी. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९७८ साली मिळाला. (तेही राहूनच गेलेलं देणं.)

तर, नक्षत्रं द्यायची राहिली. ठीक आहे, ती कुणाला देता येतात? पण पुढे तो सांगतो की आता कळ्या आहेत, थोडी ओली पानं आहेत. इथे माझा जीव अडकतो. आरवलीकडे सुरंगीच्या फुलांच्या दिवसांत पहाटेच कळ्या काढतात, कारण ऊन चढलं की त्या उमलतात आणि मग वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, घेत नाहीत. कळीला तेवढीच वेळ. मग अरे बाबा, नक्षत्रांचं राहू दे, हातातल्या कळ्या तरी दे की! तो देत नाही. मनाचा दगड उशाला घेऊन कण्हत पडतो, आणि कळ्यांचं निर्माल्य होतं, पानांचा पाचोळा.

हृदयनाथ मंगेशकरांची चालही इथे कुठे गळा काढत नाही, हे मला फार आवडतं.

गेली कित्येक वर्षं मी हाच अर्थ धरून होते: दिल्या नाहीत, म्हणून सुकल्या. गेल्या आठवड्यात आई देव्हारा आवरत होती. शिळी जास्वंद, तुळस, कोमेजलेली अबोली, सगळं परडीत. मी तिला माझा अर्थ सांगितला. ती हात न थांबवता म्हणाली, "देवार घातल्याशिवाय निर्माल्य कसा होतला?"

खरंच की. न वाहिलेलं फूल नुसतं सुकतं. निर्माल्य होतं ते वाहिलेल्याचं. म्हणजे त्या कळ्या त्याने कुठेतरी वाहिल्या होत्या. पाचोळा फक्त पानांचा झालाय.

मग कुणाला वाहिल्या? ती समोर नसताना?

आई परडी घेऊन माडाच्या अळ्याकडे निघून गेली होती.