‘तुम्ही स्वतः किती वेळा वाकलात?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मागच्या आठवड्यातल्या माझ्या लेखावर ‘एक माजी तंत्रज्ञ’ या नावाने आलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावं असं आधी वाटलं, पण ते जमलं नाही. ज्यांनी लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. लढाऊ विमानावरचं काम स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय तंत्रज्ञाने एफ-७०० वर सही करू नये, आणि सिनियरच तशी सही करायला लागला की हाताखालची पोरं महिनाभरात तेच उचलतात, असं मी लिहिलं होतं, आणि जबाबदारी घेण्याचं उदाहरण म्हणून एका पाणबुडीवरच्या आगीनंतर राजीनामा देणाऱ्या नौदलप्रमुखांचा उल्लेख केला होता. एफ-७०० म्हणजे विमानाच्या देखभालीची वही. प्रत्येक ट्रेडचा, म्हणजे कामाच्या शाखेचा, माणूस आपापल्या कामापुढे सही करतो आणि त्या सह्यांच्या भरवशावर पायलट विमान ताब्यात घेतो.

यावर हे गृहस्थ लिहितात, ‘पेन्शनवर बसून उपदेश करणं सोपं आहे, काका. सिनियरने आधी स्वतः वाकून बघावं म्हणता, तुम्ही सही करताना स्वतः किती वेळा वाकलात? कागदावरच्या सह्यांनी विमान उडत नाही, माणसं आणि सुटे भाग लागतात. आणि अॅडमिरलने राजीनामा दिल्याने पाणबुडी सुरक्षित झाली का?’

आधी माझी चूक. लेखात मी आयएनएस सिंधुरत्न या पाणबुडीवरच्या आगीची तारीख ऑगस्टमधली लिहिली होती. ती सिंधुरक्षक या दुसऱ्या पाणबुडीवरच्या स्फोटाची तारीख आहे. सिंधुरक्षक मुंबईच्या गोदीत बुडाली ती १४ ऑगस्ट २०१३ ला, त्यात १८ जण गेले. सिंधुरत्नवर आग लागली २६ फेब्रुवारी २०१४ ला, मुंबईजवळच्या समुद्रात, आणि तिथे दोन अधिकारी गेले. तेव्हाचे नौदलप्रमुख अॅडमिरल डी. के. जोशी यांनी राजीनामा दिला तो या दुसऱ्या घटनेच्या दिवशीच. आपण ही चूक दाखवलीत, मी ती दुरुस्त केली आहे, आभार. राजीनाम्याने काय झालं, या आपल्या प्रश्नावर मात्र मी वाद घालणार नाही. इतकी मोठी खुर्ची एका दिवसात सोडणारा माणूस बघूनही ज्याला काही वाटत नाही, त्याला मी शब्दांनी काय वाटायला लावणार?

आता ‘किती वेळा वाकलात’. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह आहे, पण लिहिलंय ते आरोपासारखं. वीस वर्षं हवाई दलात एअरफ्रेम फिटर, म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल करणारा, म्हणून काढलेल्या माणसाला हे विचारताना थोडा विचार करायला हवा होता. बेळगावजवळ सांबऱ्याला प्रशिक्षण झालं, नंतर चेन्नईजवळ तांबरमला, आणि मग आयुष्याची बहुतेक वर्षं मिग-२१ च्या पोटाखाली. ते विमान बुटकं होतं. चाकांच्या कप्प्यात बघायचं तर गुडघे टेकून, मान वळवून, एका हातात टॉर्च धरून बघावं लागायचं. राजस्थानच्या बाजूला जूनमध्ये दुपारी तिथलं लोखंड हाताला चटका द्यायचं. माझा उजवा गुडघा आजही जिना चढताना दुखतो. एवढं उत्तर पुरेसं असावं, पण आपल्याला पुरणार नाही, म्हणून जे मी कधी लिहिलं नव्हतं ते लिहितो.

१९९६ साली मी सार्जंट होतो. रात्रीचं काम संपलं की प्रत्येक हत्यारपेटी मोजून रजिस्टरवर ‘पूर्ण’ लिहायचं आणि सही करायची, हा नियम. एकही हत्यार कमी असेल तर ज्या ज्या विमानावर त्या संध्याकाळी हात लागला असेल ते उडत नाही, कारण राहिलेला पाना कंट्रोल रॉडमध्ये, म्हणजे स्टिकची हालचाल पुढे नेणाऱ्या दांड्यांमध्ये, अडकला तर पायलटची स्टिक हलत नाही. त्या रात्री मी माझी पेटी न मोजता सही केली. पोरांच्या पेट्या मी स्वतः मोजून घेतल्या होत्या, माझी मात्र झाकण लावलं आणि झालं. क्वार्टरवर जाऊन जेवायला बसलो आणि घास हातातच राहिला. ८-१० चा पाना खिशातून काढून पेटीत ठेवल्याचं आठवेना.

परत गेलो, पेटी उघडली, पाना नव्हता. साडेनऊ वाजले होते. सकाळच्या पहिल्या सॉर्टीची, म्हणजे उड्डाणाची, सहा विमानं तयार होती आणि त्यांतल्या तीन विमानांवर माझा हात लागला होता. कुणालाही कळलं नसतं. स्टोअरमधून दुसरा पाना आणून पेटीत ठेवणं दहा मिनिटांचं काम होतं, आणि असं करणारे मी पाहिले होते. मी सिनियर इंजिनिअरिंग ऑफिसरच्या घरी गेलो आणि सांगितलं की सही खोटी आहे, माझी आहे, आणि तीन विमानं थांबवायला हवीत.

पाना रात्री दोन वाजता सापडला, तिसऱ्या विमानाच्या एका पॅनेलच्या आत, आरसा आणि टॉर्च लावून शोधल्यावर. त्या वर्षी माझा वार्षिक शेरा खाली आला आणि माझ्या मागून आलेले दोघं माझ्याआधी वर गेले. माझी त्याबद्दल तक्रार नव्हती आणि आजही नाही. सांगायचं आहे ते वेगळंच. त्या रात्री माझ्याबरोबर एक एलएसी, म्हणजे माझ्या हाताखालचा कनिष्ठ दर्जाचा वायुसैनिक, होता, एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने आपली पेटी उघडून हत्यारं मोठ्याने मोजली, एकेक नाव घेत. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आठवड्याभरात सगळी शेड मोठ्याने मोजायला लागली. वरून ऑर्डर निघाली असती तर मला खात्री आहे, महिन्याभरात ती विरून गेली असती. आपण विचारता मी किती वेळा वाकलो. एकदा वाकलो नव्हतो, ते मी स्वतः जाऊन सांगितलं. आता आपण आपलं सांगा.

‘कागदावरच्या सह्या’ हे शब्दही मला लागले. ज्याने हे काम केलंय तो असं लिहिणार नाही. २३ फेब्रुवारी २००८ ला गुआमच्या तळावरून उडताना अमेरिकेचं बी-२ बॉम्बर कोसळलं, दोन्ही पायलट उडी मारून वाचले. पावसाळी हवेत सेन्सरमध्ये ओल साचली होती आणि तशाच अवस्थेत त्यांचं कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमाप जुळवणं, झालं. आधी हीटर चालू करून ओल घालवायची, ही युक्ती काही जणांना आधीपासून ठाऊक होती. ती कुठे रीतसर लिहिलेली नव्हती, म्हणून त्या दिवशी काम करणाऱ्यांपर्यंत ती पोचलीच नाही. माणसं होती, सुटे भाग होते, पैशाला तर तोटा नव्हता. नव्हता तो कागद. त्याला हिणवणाऱ्याने आधी हे वाचावं.

माणसं कमी आणि सुटे भाग उशिरा, हे खरं आहे, मी नाकारत नाही. तो विषय मोठा आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. पण चार माणसांचं काम दोघांवर आलं म्हणून न बघितलेल्या कामावर सही करायची, हे मला कुणीही पटवू शकणार नाही. दोघांना जेवढं बघता येतं तेवढंच बघा आणि बाकीची विमानं थांबवा. ‘थांबवलं तर वरचे ओरडतात’ असं आपण शेवटी लिहिलंय. ओरडू देत. ओरडणं खाण्यासाठीच सार्जंटच्या बाहीवर तीन पट्ट्या असतात.

आणखी एक. सहीबद्दलच्या लेखावर आपण सही न करता लिहिलंत. मी आयुष्यभर नाव, नंबर आणि वेळ लिहून काम केलं. आपण नोकरीत नसाल तर नाव द्यायला हरकत काय? नोकरीत असाल तर कारण समजू शकतो, मग ‘काका, उपदेश’ ही भाषा तरी नको. माझ्या हाताखालच्या मुलांनी मला चुका तोंडावर दाखवल्या आहेत, ‘सर’ म्हणून, आणि मी ऐकल्या आहेत.

प्रतिक्रिया मी काढलेली नाही, मूळ लेखाखाली जशीच्या तशी आहे. सिंधुरत्नची तारीख लेखात बदलली आहे. हत्यारं मोजण्याचा अनुभव इतर कुणाचा असेल, सैन्याच्या वर्कशॉपमधला किंवा नौदलाच्या गोदीतला, तर जरूर लिहा. तिथे राहिलेल्या पान्याचं काय करतात, ते मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.