पहिलं रिव्हॉल्व्हर कोल्टचं? फॉरवर्ड करण्याआधी हे वाचा

तो फॉरवर्ड परत फिरतोय, या आठवड्यात तिघांनी पाठवला. मजकूर साधारण असा: १८३६ पर्यंत जगात फक्त एकबारी पिस्तुलं होती, मग सोळा वर्षांच्या सॅम्युअल कोल्टने जहाजाचं चाक फिरताना बघितलं, त्यावरून जगातलं पहिलं अनेक बार काढणारं पिस्तूल बनवलं, अमेरिकन आर्मीने ते लगेच उचललं, आणि सगळं मशीनवर बनत असल्यामुळे कुठलाही पार्ट कुठल्याही पिस्तुलाला बसायचा. खाली हातात रिव्हॉल्व्हर घेतलेल्या काऊबॉयचा फोटो. आता एकेक घेऊ.

"जगातलं पहिलं". अजिबात नाही. कोल्ट जन्मला १८१४ साली, आणि इटलीत फ्लॉरेन्सचा मिकेले लोरेंझोनी सतराव्या शतकाच्या शेवटी, म्हणजे इकडे शिवकाल नुकता संपत होता तेव्हा, अनेक बारांची पिस्तुलं बनवत होता. ती रिव्हॉल्व्हर नव्हती, म्हणजे त्यांत गोळ्या भरायचं फिरतं सिलिंडर नव्हतं, हातात धरायचा दस्ताच पोकळ, त्यात एका कप्प्यात दारू आणि एकात गोळ्या. नळी जमिनीकडे करायची, डावीकडचा दांडा फिरवून परत जागेवर आणायचा, की गोळी पुढे पडते, तिच्या मागे बरोबर मापाची दारू पडते, कानात, म्हणजे बार पेटवायच्या भोकापाशी, रंजक (पेटवणीची चिमूटभर दारू) पडते आणि घोडाही चढतो, एवढं सगळं एका हालचालीत! मला तर ही करामत कोल्टपेक्षाही भारी वाटते. पण गोम अशी की दस्त्यातली दारू आणि बार उडतो ती जागा यांच्यात फक्त एक फिरता पितळी ठोकळा, तो जरा झिजला की ठिणगी मागे, आणि सगळी दारू तुमच्या मुठीतच पेटणार. शिवाय एकेक पिस्तूल कारागीर हाताने घासून बनवणार, त्यामुळे श्रीमंतांचं खेळणं झालं, फौजेच्या हातात काही गेलं नाही.

बरं, कोणी म्हणेल फिरतं सिलिंडर तरी कोल्टचंच ना? तेही नाही. न्यूरेम्बर्गच्या हान्स स्टोपलरचं १५९७ सालचं आठ बारांचं फिरत्या सिलिंडरचं हत्यार नॉर्वेच्या म्युझियममध्ये आहे. आपल्याकडे भारतात बनलेल्या, फिरत्या सिलिंडरच्या तोड्याच्या (पेटत्या वातीने उडणाऱ्या) बंदुकासुद्धा ब्रिटनच्या म्युझियममध्ये बघायला मिळतात. आणि बॉस्टनच्या एलिशा कोलियरने १८१८ मध्येच लंडनला चकमकीच्या (गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या) रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं होतं, त्यात सिलिंडरचं तोंड नळीवर घट्ट बसावं म्हणून खास सोय होती. गंमत म्हणजे १८५१ मध्ये कोल्टने लंडनला इंजिनियर लोकांसमोर भाषण दिलं तेव्हा अशा जुन्या हत्यारांची चित्रं त्याने स्वतःच दाखवली. म्हणजे ज्याच्या नावाने फॉरवर्ड फिरतोय तो माणूस स्वतः हा दावा असा करत नव्हता.

मग आधीची का चालली नाहीत? कारण रंजक. चकमकीच्या काळात प्रत्येक बारासाठी उघड्या कानात रंजक लागायची, ती सांडणार, भिजणार, फिरताना उडणार. स्कॉटलंडच्या अलेक्झांडर फोरसाइथ नावाच्या पाद्र्याने १८०७ मध्ये ठोका बसला की पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं, त्यातून पुढे ते रसायन भरलेली छोटी तांब्याची टोपी आली, आणि सिलिंडरच्या प्रत्येक घराच्या (एका बाराची दारू-गोळी भरायच्या कप्प्याच्या) मागे एकेक टोपी लावून ठेवता येऊ लागली. कोल्टचं खरं काम याच्या पुढचं: घोडा चढवला की सिलिंडर आपोआप पुढच्या घरावर जातं आणि नळीसमोर पक्कं लॉक होतं. हे छोटं काम नाही, १८५१ ची मॅसॅच्युसेट्स आर्म्स कंपनीविरुद्धची पेटंटची केस तो याच जोरावर जिंकला.

चाकाची गोष्ट अर्धी खरी असेल. १८३० मध्ये तो कॉर्व्हो नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून कलकत्त्याला गेला हे खरं, लाकडात मॉडेल कोरलं असं तो सांगायचा. पण चाक बघून सुचलं की नांगर ओढायचा रहाट बघून, यातसुद्धा दोन-तीन व्हर्जन आहेत. मॉडेलवरून चालणारं पिस्तूल मात्र जॉन पीअरसन नावाच्या बाल्टिमोरच्या कारागिराने बनवलं, आणि त्याचे पैसे कोल्टने 'न्यूयॉर्क, लंडन आणि कलकत्त्याचे डॉक्टर' असं बिरुद लावून गावोगाव हसवणाऱ्या गॅसचे शो करून काढले. हे फॉरवर्डमध्ये का नाही बरं?

"आर्मीने लगेच उचललं". साफ खोटं. १८३७ च्या चाचणीत आर्मीने नापास केलं, न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावातला त्याचा कारखाना १८४२ मध्ये बुडाला. कोल्ट परत उभा राहिला तो मेक्सिकोच्या युद्धात, अमेरिकन आर्मीतल्या कॅप्टन वॉकरच्या सांगण्यावरून १८४७ मध्ये हजार पिस्तुलांची ऑर्डर आली तेव्हा, आणि स्वतःचा कारखानाच नाही म्हणून ती दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घ्यावी लागली.

पार्ट्सचं म्हणाल तर मशीन होत्या, मान्य, पण शेवटी कानस मारून बसवायला माणूस लागायचाच, म्हणून तर एकाच पिस्तुलाच्या वेगवेगळ्या पार्टवर सारखा नंबर ठोकलेला असतो.

आणि तो फोटो? पॅटरसनला बनलेलं कोल्टचं १८३६ चं पिस्तूल पाच बारांचं होतं, फोटोतलं सहा बारांचं, १८७३ चं मॉडेल आहे. तेव्हा कोल्टला जाऊन अकरा वर्षं झाली होती.