काटा कुणाचा?

आमच्या पलूस भागात उसाची ट्रॉली कारखान्याच्या काट्यावर चढली की शेतकऱ्याची नजर आकड्यावर असते. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला माणूस जरा निर्धास्त असतो. वजन, उतारा (उसातून किती टक्के साखर निघते तो), दर, यावर आमच्या दोन पिढ्या भांडल्या. केंद्राच्या रंगराजन समितीने 2012 मध्ये 70:30 चं सूत्र मांडलं, म्हणजे साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नातले 70 टक्के शेतकऱ्याला, 30 कारखान्याला. 2013 मध्ये राज्याचा ऊस दराचा कायदा आला, ऊस दर नियंत्रण मंडळात शेतकऱ्यांचे प्रतिनिधी बसले. सगळे प्रश्न सुटले नाहीत, पण भांडायला जागा मिळाली.

पुतण्या शेतीचे व्हिडिओ करतो, म्हणून हे लिहितोय. यूट्यूब मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के करणाऱ्याला देतं आणि 45 स्वतः ठेवतं. हा वाटा मला वाईट वाटत नाही. माझं भांडण काट्याशी आहे. किती जणांनी पाहिलं, जाहिरात कितीला विकली, मोजणार तेच आणि सांगणारही तेच. पुतण्याने पडताळायचं कुठं?

नियमही तसेच. आधी चॅनेलवर 10,000 व्ह्यूज झाले की पैसे सुरू होण्यासाठी अर्ज करता यायचा. 2018 मध्ये जेमतेम महिनाभर आधी सांगून 1000 सबस्क्राइबर आणि वर्षात 4000 तास व्हिडिओ पाहिले गेले पाहिजेत अशी अट घातली. त्यात बसत नव्हते त्या लहान चॅनेलांची कमाई थांबली. 2021 पासून तर अट पूर्ण न केलेल्यांच्या व्हिडिओवरही जाहिरात लावायचा हक्क कंपनीने घेतला, आणि त्यातला रुपयाही त्यांना नाही. ऊस दरासाठी जयसिंगपूरच्या ऊस परिषदेला हजारो शेतकरी जमतात. या पोरांनी कुठं जमायचं? नियम ठरतात त्या टेबलावर त्यांची एक तरी खुर्ची हवी, आणि आकड्यांची तपासणी बाहेरच्या माणसाकडून व्हायला हवी. ही मागणी अवाजवी नाही.

गेल्या महिन्यात पुतण्याने खोडव्यावर, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या पिकावर, अठरा मिनिटांचा व्हिडिओ टाकला. मागून ट्रॅक्टर गेला, त्यावर गाणं लागलेलं, जेमतेम वीस सेकंद. एका संगीत कंपनीचा दावा आला आणि अख्ख्या व्हिडिओची कमाई तिकडं वळली. हरकत घ्यावी तर तीही आधी त्याच कंपनीकडे जाते, उत्तराला तीस दिवस. पोरगं कंटाळलं आणि तेवढा आवाज बंद करून मोकळं झालं.

नेमकं तिथंच तो बुडखे जमिनीलगत कसे छाटायचे आणि लगेच कोणतं बुरशीनाशक फवारायचं ते सांगत होता. आता त्या वीस सेकंदांत नुसता कोयता चालताना दिसतो. खाली तिघांनी विचारलंय, "दादा, औषधाचं नाव काय म्हणालात?"