‘घरी बसून पगार’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

वैमानिकांच्या ड्यूटीवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक त्रस्त प्रवासी’ या नावानं आपण लिहिलंत. प्रतिक्रिया लांब आहे, म्हणून तिचा सारांश इथे देतो. आपली इंदूर–पुणे फ्लाइट रात्री साडेदहाला ‘क्रू उपलब्ध नाही’ असं सांगून रद्द झाली, आणि म्हाताऱ्या आईला घेऊन आपल्याला विमानतळावरून परत यावं लागलं. त्यावर आपले तीन मुद्दे आहेत. एक, स्टँडबायवरच्या, म्हणजे कॉल आला की निघायचं अशा राखीव वैमानिकाला घरी बसून लाखांचा पगार मिळतो, मग ऐन वेळी तो असतो कुठे? दोन, रात्रपाळी डॉक्टरही करतात, पोलीसही करतात, पण विश्रांतीची ओरड फक्त यांचीच. तीन, जमत नसेल तर नोकरी सोडावी.

आईंना झालेला त्रास मी हलका मानत नाही. पण रागाचा रोख चुकीच्या माणसावर आहे, आणि ते सविस्तर सांगायला हवं.

सुरुवात ‘घरी बसून’ पासून करतो. माझी नोकरी रेल्वेत, रतलामच्या क्रू लॉबीत गेली. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर जाणार, कोण रेस्टमध्ये, कोण रजेवर, हे लावायचं माझं काम. तेव्हा मोबाइल नव्हते. कॉल बॉय सायकलवर कॉल बुक घेऊन रात्री-अपरात्री रेल्वे कॉलनीत जायचा, दार वाजवायचा, सही घ्यायचा. आठ तासांहून जास्त काम करून आलेल्या ड्रायव्हरला मुख्यालयात सोळा तासांची विश्रांती, त्याहून कमी काम असेल तर बारा तासांची, हा नियम लॉबीत सगळ्यांना तोंडपाठ. आणि हेही सगळ्यांना ठाऊक, की कॉल येणार म्हणून पडून राहिलेला माणूस झोपलेला नसतो. त्याची बायको दारातच म्हणायची, ‘आत्ता कुठे डोळा लागला होता हो.’

विमान कंपन्यांचा स्टँडबाय हा त्याच जातीचा प्रकार. माझी भाची फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, बेस (जिथून ड्यूटी सुरू होते ते शहर) मुंबई. मध्यंतरी तिच्याकडे मरोळला राहायला गेलो होतो, तेव्हा तिचा पहाटे चार ते दुपारी बारा असा स्टँडबाय होता. आदल्या संध्याकाळी सातलाच जेवून, पडदे ओढून ती आडवी झाली. समोरच्या इमारतीत कुणाची तरी हळद होती, ढोल वाजत होता. साडेतीनला तिचा गजर झाला तेव्हा ती जागीच होती. गणवेश इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर, बॅग दाराशी, फोन चार्जरला. आंघोळीला जाताना फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत नेला. खाली दूध आणायला मी गेलो, कारण लिफ्टमध्ये रेंज जाते. अकरा वाजले, मी म्हटलं, ‘आता काय येणार कॉल, जरा झोप.’ ती म्हणाली, ‘मामा, शेवटच्या तासातच येतो तो.’ आणि खरंच आला. पिकअप, दोन सेक्टर म्हणजे दोन उड्डाणं, घरी परत आली तेव्हा मध्यरात्र उलटत आली होती. ती जागी मात्र पहाटेपासूनच होती.

आता सांगा, त्या दिवसातला कोणता तास तिचा स्वतःचा होता? ज्या वेळात दुसरा माणूस तुम्हाला केव्हाही उठवू शकतो, तो वेळ त्या दुसऱ्याचा असतो. मला एवढंच म्हणायचं आहे, बाकीचं सगळं त्याच्या पोटात येतं.

अमेरिकेनं हे कायद्यात लिहून टाकलं आहे. २००९च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, विमानातले ४९ आणि जमिनीवरचा एक असे ५० जण गेले. वैमानिकांच्या थकव्याचा प्रश्न त्या अपघातानं ऐरणीवर आणला, आणि जानेवारी २०१४पासून नवे नियम लागू झाले. त्यात राखीव वैमानिकाचे प्रकारच पाडले आहेत. विमानतळावर बसवून ठेवलेला असेल, तर तो बसलेला सगळा वेळ उड्डाणाच्या ड्यूटीत धरायचा. घरी थोड्या वेळाच्या सूचनेवर असेल, तर तो राखीव वेळ चौदा तासांच्या वर न्यायचा नाही, आणि कॉल आलाच तर मोजणी राखीव वेळ सुरू झाल्यापासून करून एकूण सोळा तासांची कमाल मर्यादा पाळायची. लांबच्या सूचनेवर असलेल्याला मध्यरात्रीनंतरच्या नाजूक तासांत शिरणारी ड्यूटी द्यायची, तर बारा तास आधी कळवायचं. शिवाय तिथल्या मोठ्या कंपन्यांत युनियनचा करार असतो. महिन्याला किती राखीव दिवस, न उडता किती तासांचे पैसे नक्की, कॉलनंतर किती वेळात पोहोचायचं, ज्येष्ठतेनुसार कोणाला काय निवडता येईल, हे त्यात कलमवार असतं.

आपल्याकडे खासगी कंपन्यांत बहुतेक ठिकाणी ज्याचा त्याचा वैयक्तिक करार असतो, आणि त्यावर सही करताना वाटाघाटीला फारशी जागा नसते. पगाराचा काही भाग ठरावीक तासांपुरता हमीचा, वरचा भाग प्रत्यक्ष उडालेल्या तासांवर. म्हणजे स्टँडबायवर बसला आणि कॉल आला नाही, तर वैमानिकाचे वरचे तास बुडतात. २०२४च्या एप्रिलमध्ये ‘विस्तारा’ या विमान कंपनीची उड्डाणं धडाधड रद्द झाली, ते आठवत असेल. त्यामागे रोस्टरचा, म्हणजे ड्यूटीच्या वेळापत्रकाचा ताण होता, तसाच हमीचे तास ७० वरून ४० वर आणणाऱ्या नव्या पगाररचनेवरचा असंतोषही. आपण लिहिता तसं ‘बसून खाणं’ एवढं सुखाचं असतं, तर त्या ३० तासांसाठी कुणी भांडलं असतं का?

दुसरा मुद्दा रात्रपाळीचा. डॉक्टरांनी छत्तीस तास जागावं, हे मला मुळीच मान्य नाही. पण एकाचं हाल दुसऱ्याच्या हालाचं समर्थन कसं होईल? पहाटे दोन ते सहा या वेळात माणसाची सावधानता तळाला जाते. हे शरीराचं गणित आहे, तिथे पगाराचा आकडा चालत नाही. २२ मे २०१०ला मंगळूरला एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून दरीत गेलं आणि १५८ माणसं गेली. दुबईहून रात्री निघालेलं ते विमान सकाळी सहाच्या सुमारास उतरत होतं. चौकशी अहवालात नोंद आहे की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते आणि झोपेतून उठल्यानंतरची गुंगी त्यांच्या निर्णयाच्या आड आली असावी. सहवैमानिकानं उतरणं सोडून द्या असं सुचवलं, यंत्रणा इशारे देत राहिली, तरी उतरणं थांबलं नाही. बफेलो आपल्यापासून फार लांब आहे. मंगळूर नाही.

म्हणूनच जानेवारी २०२४मध्ये डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं, नियम बदलले. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, ‘रात्र’ पाचऐवजी सहापर्यंत धरायची, रात्रीच्या वेळातली लँडिंग सहावरून दोनवर. हे १ जून २०२४ला लागू व्हायचं होतं. कंपन्यांनी मुदत मागितली, नियम लांबले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि शेवटी १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत ते आले. माणसं भरती करायला, शिकवून तयार करायला जवळजवळ दोन वर्षं मिळाली होती. तरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं कोसळली, ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजारांवर. आणि उपाय काय झाला? रात्रीच्या नियमांतून त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६पर्यंत सवलत, आणि रजेचा दिवस आठवड्याच्या विश्रांतीत मोजू नये हे कलमच मागे.

या शेवटच्या कलमाचं मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. मुलीच्या शाळेसाठी, वडिलांच्या ऑपरेशनसाठी घेतलेली रजा ही विश्रांती कशी? हॉस्पिटलच्या बाकावर रात्र काढून आलेला माणूस ‘विश्रांत’ म्हणून नोंदवायचा आणि त्याला कॉकपिटमध्ये बसवायचं, हे माझ्या लॉबीतल्या साध्या टाइमकीपरलाही पटलं नसतं.

तिसरा मुद्दा, नोकरी सोडा. २०१७ साली डीजीसीएनं नियम केला की कॅप्टननं एक वर्ष आणि सहवैमानिकानं सहा महिने आधी नोटीस द्यायची. म्हणजे उद्या राजीनामा दिला, तरी पुढच्या वर्षी याच दिवसांपर्यंत तेच रोस्टर. त्यावर प्रशिक्षणाचा बाँड असेल तर तो वेगळा. नोकरी सोडायला वर्ष लागत असेल, तर विश्रांतीसाठी भांडायचं नोकरीत राहूनच.

आता आपला मूळ प्रश्न, राखीव माणूस ऐन वेळी होता कुठे. तो बहुधा इंदुरात नव्हताच. राखीव वैमानिक सहसा मोठ्या बेसवर, म्हणजे मुंबई, दिल्ली, बंगळुरूला असतात. बिजासनच्या बाजूच्या आपल्या अहिल्याबाई होळकर विमानतळावर संध्याकाळी येणारं विमान आधीच्या शहरात रखडलं आणि क्रूचे ड्यूटीचे तास संपले, तर बदली माणूस बेसवरून दुसऱ्या विमानानं आणावा लागतो. रात्री साडेदहाला ते विमान कुठून यायचं? बेसवरचे राखीव किती ठेवायचे, हे कंपनी ठरवते. राखीव माणूस म्हणजे न उडता दिलेला पगार, म्हणून तो आकडा आधी कापला जातो. सगळं सुरळीत चाललं तर वाचलेले पैसे कंपनीचे. पाऊस, धुकं, एखादा आजारी पडला, की त्याची किंमत आपल्या आईंसारख्या प्रवाशाला आणि तास संपत आलेल्या त्या क्रूला मोजावी लागते. तास संपल्यावर त्या कॅप्टननं ‘नाही’ म्हटलं असेल, तर तो आपल्या आईंच्याच जिवासाठी म्हणाला.

आपण तक्रार जरूर करावी, फक्त योग्य दारावर. चोवीस तासांहून कमी वेळ आधी कळवून उड्डाण रद्द केलं, तर तिकिटाचे पैसे किंवा दुसऱ्या विमानाची सोय तर हवीच, शिवाय भरपाईही. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ती ७५०० रुपये किंवा मूळ भाडं अधिक इंधन आकार, यांतलं जे कमी असेल ते. पूर, दंगल असल्या असाधारण कारणांसाठी कंपनीला सूट आहे. माणसं पुरेशी न ठेवणं हे माझ्या मते त्यात बसत नाही, आणि तक्रारीत तसं स्पष्ट लिहा. बोर्डिंग पास, रद्द झाल्याचा मेसेज आणि त्याची वेळ जपून ठेवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लिहा, दाद लागली नाही तर एअरसेवा या सरकारी तक्रार पोर्टलवर टाका. मजकूर लिहायला मदत हवी असेल तर इथेच कळवा, मी लिहून देईन. आणि त्यात एक ओळ अशी जरूर असू द्या: त्या रात्री बेसवर किती राखीव वैमानिक ठेवले होते, ते कंपनीनं लेखी सांगावं.